प्रोसेसरचं पाणी तापतंच राहतंय? आधी सेन्सर बघा

रंगीत निगेटिव्ह फिल्म धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर हे रसायन ३७.८ अंश सेल्सिअसला ३ मिनिटं १५ सेकंद चालतो, आणि तापमानात सूट जेमतेम ०.१५ अंशाची. त्यामुळे रोटरी प्रोसेसरच्या (कोमट पाण्याच्या टाकीत फिल्मचा डबा फिरवणाऱ्या यंत्राच्या) टाकीतलं पाणी तापतच राहिलं, किंवा तापेनासं झालं, की लोक यंत्र मोडीत काढायला निघतात. माझ्या जिवावर येतं ते. पुण्यात माझ्याकडे अशी जुनी यंत्रं येतात आणि उघडली की बहुतेकदा सर्किट बोर्ड ठणठणीत असतो. बिघडलेलं असतं ते पाण्याशेजारचं: सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर. बोर्डाला सोल्डरिंग आयर्न लावायची घाई करू नका.

टाकी रिकामी करा आणि प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण काही यंत्रांत ते एकच तार तोडतं. डार्करूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल, तर आधी तो बसवून घ्या. यात मी तडजोड करत नाही.

सेन्सर बहुधा एनटीसी थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. वायर आतून तुटली की रेझिस्टन्स अफाट दिसतो, साध्या कंट्रोलरला पाणी गारठलेलं वाटतं आणि हीटर चालूच राहतो. प्रोबमध्ये, म्हणजे सेन्सर बसवलेल्या पाण्यातल्या नळीत, ओल शिरली की उलटं: रेझिस्टन्स कमी दिसतो, पाणी तापलंय असं समजून हीटर लवकर बंद होतो. म्हणून पाणी भलतंच तापत असेल तर तुटलेली वायर शोधा, कोमटच राहत असेल तर ओल. प्रोब बोर्डापासून सोडवा, पाण्यात धरा आणि मल्टिमीटर लावा. १० किलोओहमचा, ३९५० बीटाचा थर्मिस्टर २५ अंशांना १० आणि ३७.८ अंशांना साधारण ५.८ किलोओहम दाखवतो. तुमचा वेगळ्या किमतीचा असला तरी पाणी तापेल तसा आकडा सलग उतरला पाहिजे. मापताना वायर हलवून बघा, विशेषतः ती प्रोबमध्ये शिरते तिथे. आकडा उडी मारतो, तिथेच ती तुटलेली असते.

कनेक्टरवर पांढरी खर किंवा हिरवट थर दिसला, तर तो हायपोच्या (फिक्सर रसायनाच्या) शिंतोड्यांचा प्रताप. इथे बहुतेक जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल चोळतात, पण क्षार त्यात नीट विरघळत नाहीत. आधी डिस्टिल्ड वॉटरने ब्रश मारून धुवा, मग अल्कोहोलने पाणी काढा, आणि रात्रभर वाळू द्या.

सेन्सर चांगला असूनही हीटर बंद होत नसेल, तर ट्रायॅक, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा बोर्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालेला असतो. हीटरची एक वायर सोडवून एमटी१ आणि एमटी२ या पायांमध्ये मोजा. मोजकेच ओहम आले तर तो गेला. (रिले असेल तर चिकटलेले कॉन्टॅक्ट बघा.) पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, बीटीए१६-६०० हा ट्रायॅक मागा. बीटीए आणि बीटीबी दिसायला सारखे, पण बीटीएची धातूची पाठ इन्सुलेटेड असते, बीटीबीची थेट एमटी२ला जोडलेली. हीटसिंकवर बीटीबी उघडाच बसवलात तर हीटसिंकमध्ये वीज उतरेल.

आरसीसीबी पडत असेल तर हीटर तपासा. ६०० वॉटचा हीटर सुमारे ८८ ओहम दाखवतो, पण तेवढ्याने खात्री होत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) अर्थशी किमान १ मेगओहम हवा.

बोर्ड उघडलाच आहे तर मेन लाइनवरचा पिवळसर पारदर्शक कवचाचा कागदी कपॅसिटर बदलून टाका. कवचाला भेगा पडून ओल शिरते आणि एक दिवस तो धूर काढतो. जागी तितक्याच मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा, एक्स२ छाप असलेलाच घ्या.

आता टाकी भरा आणि अर्धा तास चालवा. लॅबचा थर्मामीटर टाकीत न बुडवता डेव्हलपरच्या बाटलीत, साध्या पाण्यात बुडवा, कारण फिल्मला लागणारं तापमान तिथलं. ते पाणी ३७.८ला टिकेपर्यंत बोर्डावरचा प्रीसेट (तापमान जुळवायचा छोटा स्क्रू) केसभर फिरवा आणि दर वेळी दहा मिनिटं थांबून पुन्हा वाचा.