जुन्या घराची चौकट तोडू नका, सोडवून घ्या

घर उतरवायचं ठरलं की पहिला फोन पाडकाम ठेकेदाराला जातो. तो म्हणतो, "निघेल तो माल माझा, पाडकाम स्वस्तात करतो." या बोलण्याला लगेच हो म्हणू नका. दारं, चौकटी, खिडक्यांचे गज, शहाबादी फरशी, कडप्पा यांतलं काय आपण ठेवणार हे आधी कागदावर लिहून त्याची सही घ्या. आणि सुताराला जेसीबीच्या आठ दिवस आधी बोलवा.

माल कुणाला द्यायचा तेही काढण्याआधी ठरवा. घर बांधणारा शेजारी, गावातली शाळा, देऊळ, कुणीही असो, त्याला मापं कळवा. नवीन घरात दार साधारण सात फुटांचं असतं. जुन्या वाड्यातली कित्येक दारं सहा फुटांचीही भरत नाहीत. ती कोठीला किंवा माडीला चालतील, मुख्य दाराला नाही.

फरशी काढणं सोपं: कडेची एक फोडावी लागते, बाकीच्या पहारीनं खालून अलगद उचला आणि उभ्या रचा.

खरी परीक्षा चौकटीची. माझी पहिली चौकट सांगलीच्या गावभागातल्या घरातली, सागवानी. आम्ही बाह्यांमागे, म्हणजे चौकटीच्या दोन उभ्या लाकडांमागे, पहार घालून ओढली आणि चौघांनी उचलली. उंबऱ्याजवळचा सांधा डोळ्यांदेखत उकलला, चौकट गुण्यातून गेली, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात राहिले नाहीत. शंभर वर्षं ऊनपाऊस सोसलेलं लाकूड आमच्या घाईनं फुटलं, ते आजही मनाला लागतं. म्हणून पुढचं नीट वाचा.

आधी आतून दोन तिरक्या पट्ट्या फुलीसारख्या ठोका आणि खाली, उंबऱ्यापाशी, एक आडवी. या तीन पट्ट्या ठोकल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. "लगेच तर उचलायचीय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

मग भिंत वरून उतरवा. गणेशपट्टीवरचं, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावरचं, वजन गेल्याशिवाय चौकट हलवू नये. भिंत अर्धवट ठेवायची असेल तर गवंड्याकडून टेकू लावून घ्या, हे स्वतः करायचं काम नाही. उंबऱ्याची आणि गणेशपट्टीची टोकं भिंतीत गेलेली असतात. अनेक जण ती करवतीनं छाटतात. त्यांच्यावरच तर सांधा टिकतो! छिन्नीनं भोवतीची माती किंवा चुना कोरा, लाकूड कापू नका. बाह्यांना होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, असतील तर हॅक्सॉच्या पात्यानं कापा, उपटू नका. चौकट स्वतःच्या पायावर मोकळी उभी राहिली की काम झालं असं समजा.

पल्ले चौकटीआधी काढायचे. बिजागरीच्या स्क्रूची खाच रंगानं बुजलेली असते. ती खिळ्यानं कोरून काढा, रात्री रॉकेलचे दोन थेंब सोडा, सकाळी स्क्रूड्रायव्हर खाचेत धरून हातोडीनं एकदाच ठोका. गंज सुटल्याचा बारीक 'टक्' ऐकू येतो, मग फिरवा. बिजागरीऐवजी पल्ला खुंटीवर फिरत असेल तर जबरदस्ती करू नका, तो चौकटीसकट बाहेर काढा. प्रत्येक पल्ल्यावर आणि त्याच्या बाहीवर एकच आकडा पटाशीनं कोरा. खडू पहिल्या पावसात जातो.

आता कोणता माल द्यावा याबद्दल. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेलं सागवानी दार सावलीत हळूहळू वाळवलं की बहुधा कामी येतं. फुगलेलं प्लायवूड किंवा फ्लश दार मात्र कुणालाही देऊ नका. "गरिबाला चालेल" हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. वाळवी आहे का ते स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग निकामी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतू, असतं, तोही दान नको आणि कापायचाही नाही.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. देशात घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल ते दिसत नाही. पाणी मारून घासा, मुलांना लांब ठेवा, निघालेला चिखल पिशवीत भरा. रंध्याआधी चुंबक फिरवून मोडके खिळे शोधा, नाहीतर सुतार पुन्हा दारात येणार नाही.

चौकट ट्रकमध्ये आडवी, खाली टाकलेल्या तीन सुट्या पट्ट्यांवर ठेवा. बिजागऱ्या, कडी आणि कोयंड्याची पिशवी तिलाच बांधा. तिरक्या पट्ट्या नव्या जागी चौकट बसून गवंड्यानं दोन्ही बाजू भरल्यानंतरच काढायच्या, हे घेणाऱ्याला स्वतः तोंडी सांगा.