ताबा माझा, तरी मुलगा धुळ्यात

उन्हाळी सुट्टी संपली तरी वडिलांनी मुलाला धुळ्याहून जळगावला पाठवलं नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ताबा माझा. मला अपहरणाचाच गुन्हा हवा होता. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, बाप नैसर्गिक पालक, न्याय संहितेचं कलम १३७ सहसा टिकत नाही." पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली, ती जपाच. मग कोर्टात अंमलबजावणीची दरखास्त लावली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३२ खाली हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, दिवाणी कैदही. नोटीस लागली आणि पोरगा कोर्टातच माझ्या हाती आला. फार घाबरला होता. पोराला असं अडकवणं मला अजूनही गुन्हाच वाटतो. मुलाचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर खान्देशातल्यांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशा अर्जाची, वाट आहे.