स्वस्त बॉक्सवरचे धूसर चित्र आणि मला सापडलेला उपाय
आमच्या बैठकीच्या खोलीतला टीव्ही जुना असला तरी फुल एचडी आहे, म्हणून तो न बदलता मी त्याला एक स्वस्त अँड्रॉइड बॉक्स जोडला. यूट्यूब स्वच्छ दिसे. मात्र वर्गणी भरून घेतलेल्या ॲपवर उपशीर्षकांची अक्षरे रेखीव आणि त्यांच्यामागचे चेहरे पुसल्यासारखे दिसत. राउटर जवळ आणला, एचडीएमआय केबल बदलली, तरी फरक पडला नाही.

शेवटी बॉक्सवर ‘डीआरएम इन्फो’ हे ॲप टाकले, तेव्हा ‘वाइडवाइन’ या गूगलच्या चित्रसंरक्षण (डीआरएम) प्रणालीसमोर एल ३, म्हणजे तिचा सर्वांत खालचा दर्जा, दिसला आणि उलगडा झाला. चोरी टाळण्यासाठी या सेवा चित्र कूटबद्ध करून पाठवतात. ते उलगडण्याचे काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होत असेल तरच उपकरणाला एल १ दर्जा मिळतो, एरवी अनेक सेवा ४८०पीच्या, म्हणजे फुल एचडीपेक्षा बऱ्याच कमी स्पष्टतेच्या, आसपासच थांबतात. खोक्यावर छापलेल्या ‘४के’चा याच्याशी संबंध नसतो, आणि ही गोष्ट विक्रेत्याने आधीच सांगायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

मग एल १ असलेली आणि आम्ही वापरतो त्या सेवांची मान्यता असलेली, थेट टीव्हीत खोचायची स्ट्रीमिंग स्टिक घेतली. चित्र सुधारले, पण ती मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होई. तिला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून दिली होती, आणि यूएसबी २.० पोर्टची प्रमाणित मर्यादा ०.५ अँपिअर एवढीच असते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीवरच्या प्लगमध्ये लावल्यापासून ती एकदाही अडलेली नाही.