पहिल्या रेसच्या आधी दुसऱ्याच्या चाकामागे बसायला शिका

सायकलवर एकट्याने 60-70 किलोमीटर आरामात होतात, आता एखादी रेस करून बघावी असं वाटायला लागलंय, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. या टप्प्यावर बरेच जण हलकी चाकं शोधायला लागतात नाहीतर अजून जास्त किलोमीटर मारायला लागतात, मीही तेच केलेलं. पहिल्या रेसला सुरुवातीची वीस मिनिटं मी बंचच्या (एकत्र चाललेल्या रायडर्सच्या घोळक्याच्या) सगळ्यात पुढे होतो, खूप भारी वाटत होतं, आणि मग पहिला मोठा चढ आला तसे एकेक जण बाजूने निघून गेले आणि उरलेलं अंतर मी एकट्याने समोरच्या वाऱ्यात काढलं. पायात ताकद होती हो, पण ती सगळी आधीच हवा कापण्यात गेली होती.

सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरच्या वर गेलं की तुमचा बहुतेक जोर हवेशी झगडण्यातच जातो. आणि हा जोर स्पीडच्या घनाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे 30 वरून 40 ला जायचं तर नुसत्या हवेसाठी सव्वादोन पटीपेक्षा जास्त ताकद लागते. कोणाच्या तरी मागे नीट बसलात तर त्याच स्पीडला साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. इतकी बचत कुठलंही महागडं चाक देणार नाही, म्हणून आधी हे शिका.

सुरुवात एकाच विश्वासातल्या मित्रासोबत करा, सरळ आणि कमी ट्रॅफिकच्या रस्त्यावर. आधी एक सायकल अंतर ठेवा, मग अर्धी, मग जसा भरवसा वाढेल तसं कमी. त्याच्या मागच्या चाकाकडे टक लावून बघायचं नाही, नजर त्याच्या कमरेच्या-खांद्याच्या पलीकडे रस्त्यावर ठेवायची, चाक डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतंच. जवळ जायला लागलात तर पटकन ब्रेक दाबू नका, मागच्याचं काय होईल विचार करा! पेडल हलकं सोडा, छाती थोडी वर करा, वारा आपोआप स्पीड कमी करतो. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही, तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवायचं नाही, कारण तो जरा जरी सरकला आणि चाकाला चाक लागलं तर बहुतेक वेळा मागचाच पडतो.

पुढे जाऊन ओढायची, म्हणजे सगळ्यांसाठी हवा कापायची, पाळी आली की सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जोशात स्पीड वाढवणं. तुमच्या आधीचा 32 ने ओढत होता तर तुम्हीही 32 नेच ओढा. दमायच्या आधीच बाजूला व्हा, जरा हळू करा, बाकीचे पुढे जाऊ द्या, आणि शेवटचा रायडर बाजूला येतोय तेव्हाच थोडा जोर लावा, तो पूर्ण निघून गेल्यावर लावलात तर गॅप भरायला उगाच स्प्रिंट मारावा लागतो. पेडलवर उभं राहतानाही सांभाळा, उभं राहिलं की सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याच्या चाकाला लागू शकते, म्हणून एक गिअर जड करून पाय खाली दाबता दाबताच उभे राहा. वारा बाजूने असेल तर सरळ मागे बसून फायदा नाही, डावीकडून वारा तर थोडं उजवीकडे मागे आडोसा मिळतो.

हे एकदा अंगात बसलं ना की जे वाटतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. दहा-बारा जण एका लयीत, कोणी बोलत नाही, फक्त चेनचा आवाज, आणि एकट्याने कधी पेलली नसती अशा स्पीडला तुम्ही चक्क श्वास घेत बसलेले असता. पहाटे अलार्म वाजल्यावर मी उठतो ते यासाठी.

वळणांवर ब्रेक वळणाच्या आधी, बाहेरचा पाय खाली, नजर जिथून बाहेर पडायचंय तिथे, आणि आपली लाईन सोडायची नाही.

खाण्याचं लोक फार हलक्यात घेतात. अंगातली साठवलेली साखर जोरात चालवलं तर दीड-दोन तासात संपत येते, आणि ती संपल्यावर खाऊन लगेच उपयोग होत नाही. पहिल्या अर्ध्या तासातच खायला लागा, तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्ज पकडून चाला, आणि रेसच्या दिवशी पोटाला नवीन काही देऊ नका. चालू बंचमध्ये बाटली काढणं-ठेवणं याचीही प्रॅक्टिस करा, खाली न बघता.

रेसच्या दिवशी हँडलच्या टोकाची बुचं जागेवर आहेत ना बघा, उघडी नळी पडल्यावर वाईट लागते. टायरवर लिहिलेलं जास्तीत जास्त प्रेशर भरायची गरज नाही, तुमचं वजन कमी असेल तर अजून कमी ठेवा. नंबर घट्ट लावा, फडफडायला नको. पंधरा-वीस मिनिटं वॉर्मअप.

बंचमध्ये जागा पुढच्या दहा-पंधरा जणांत धरा पण एकदम पुढे नको. अगदी मागे बसलात तर प्रत्येक वळणानंतर बंच ताणला जातो आणि तुम्हाला दर वेळी स्प्रिंट मारून जागा भरावी लागते, तेच फार पाय खातं. चढावर तुम्ही कमजोर असाल तर चढाच्या आधी सरकत पुढे या, मग चढावर तुमच्याच स्पीडने चढा, पाच-दहा जण पुढे गेले तरी माथ्यावर तुम्ही बंचमध्येच असता. माझ्या दुसऱ्या रेसला फक्त एवढंच केलं आणि शेवटपर्यंत टिकलो.

आणि तरीही ड्रॉप झालात, म्हणजे बंचच्या मागे सुटलात, तर एकट्याने पाठलाग करत बसू नका. मागे बघा, अजून दोन-तीन जण सुटलेले असतातच, त्यांना येऊ द्या, पुढे राहून ओढायच्या छोट्या छोट्या पाळ्या ठरवा आणि आळीपाळीने ओढत फिनिशपर्यंत जा.