बाइकची चेन ताणताय? या चुका टाळा

100 ते 125 सीसीची गाडी, मागे ड्रम ब्रेक आणि चेनवर पत्र्याचं कव्हर. दुधाचे कॅन वाहणाऱ्यापासून एमआयडीसीत रात्रपाळीला जाणाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे हीच गाडी आणि सगळ्यांच्या चेनचे हालही सारखेच. कव्हरमुळे चेन दिसत नाही, त्यामुळे ती वाजायला लागेपर्यंत कुणाला तिची आठवण होत नाही. मग येतो तो जगप्रसिद्ध हुकूम: ‘जरा टाइट कर.’

सगळ्यात जास्त नुकसान याच हुकमाने होतं. पुढचं छोटं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) आणि स्विंगआर्मची, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या भुजेची, बिजागरी एका जागी नसतात, बिजागरी थोडी मागे असते. म्हणून शॉकअप दबला की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं आणि चेन ताणली जाते. पुढचं स्प्रॉकेट, बिजागरी आणि मागचा एक्सल (चाकाचा दांडा) एका रेषेत आले की ताण सगळ्यात जास्त. मेन स्टँडवर ‘मस्त टाइट’ केलेल्या गाडीवर नवरा-बायको, मध्ये पोर आणि टाकीवर पिशवी असा संसार बसला की चेन सतारीची तार होते. खड्ड्यात शॉकअपला दबायचं असतं, पण चेन दबू देत नाही. तो सगळा जोर जातो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर.

पुढची कहाणी ठरलेली असते. छोट्या स्प्रॉकेटमागून ऑइल गळायला लागतं. ‘सील गेलं’ म्हणून सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) बदलतात. काही दिवसांनी पुन्हा गळतं, पुन्हा सील. चेनकडे कुणीच बघत नाही. मग घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, म्हणजे शाफ्टचं बेअरिंग गेलं, आणि आता इंजिन खोलायचं. ढिली चेन निदान कव्हरवर आपटून ओरडते तरी, घट्ट चेन गपचूप बेअरिंग खाते.

ढील मोजायची ती मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, कव्हरचं रबरी बूच काढून, खालच्या बाजूला दोन स्प्रॉकेटच्या मधोमध. बोटाने वर-खाली मिळून या गाड्यांना साधारण 20 ते 30 मिमी हवी. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथला आकडा धरायचा. खात्री हवी असेल तर दोघांना गाडीवर बसवून बघा. तेव्हाही चेन थोडी हललीच पाहिजे.

दुसरी लाडकी युक्ती: अॅडजस्टर (चाक मागे सरकवून चेन ताणणारा स्क्रू) शेवटपर्यंत गेला की ‘कडी कमी करून घेऊ’. चेनचं लोखंड ताणून लांब झालेलं नसतं, आतल्या पिना आणि बुश (पिनांभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजलेले असतात. कडी कापून लांबी कमी होते, पण दोन पिनांमधलं वाढलेलं अंतर तसंच राहतं. अशी चेन दातांच्या टोकावर चढते आणि घाटात भार आला की उडी मारते. तुटून पुढच्या स्प्रॉकेटवर गोळा झाली तर इंजिनचं केसिंगही फुटू शकतं. या गाड्यांवर बहुतेक 428 नंबरची चेन असते. तिच्या 20 कड्या, म्हणजे ताणून धरलेल्या 21 पिना, नव्या असताना 254 मिमी भरतात. 259 च्या आसपास गेल्या की भंगार. आणि बदलायची तर चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकदम. जुन्या दातांवर नवी चेन चढवून वाचवलेले पैसे नवी चेनच परत घेते.

चेन ताणताना नवशिके फक्त एक्सल नट सैल करतात. चेनच्या बाजूचा मोठा स्लीव्ह नट (मागच्या स्प्रॉकेटची बैठक धरणारा) विसरतात आणि मग चाक सरकत नाही म्हणून अॅडजस्टरचे आटे मारतात. दोन्ही नट सैल करा, दोन्ही अॅडजस्टर अर्धा-अर्धा फेरा सारखे फिरवा. स्विंगआर्मवरच्या खुणांवर आंधळा विश्वास नको, मागून चेनच्या रेषेत डोळा लावून बघा. नट आवळण्याआधी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये जाड फडकं अडकवून चाक मागे फिरवा. एक्सल अॅडजस्टरला घट्ट टेकतो आणि आवळताना चाक वाकडं होत नाही. घाई असलेले ही पायरी गाळतात आणि आठवड्याने परत येतात.

इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये आणि हातात फडकं: बोट जायला एक फेरा पुरतो. चाक हातानेच फिरवा.

जळकं ऑइल चेनला घालू नका, त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो. वरून थापलेलं ग्रीस आत पिनांपर्यंत पोचत नाही, नुसती धूळ धरतं. रॉकेलने धुऊन, पुसून, 90 नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूला सोडा. गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना. साधारण दर 500 किमीला, पावसाळ्यात त्याहून लवकर.

जोडकडीच्या, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या, लॉकचं (क्लिपचं) बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. उलटं बसवलेलं लॉक कशाला तरी घासून निघून जातं.

आणि चाक मागे सरकलं की ब्रेक रॉडही ताणला जातो. चेन झाल्यावर ब्रेकचा नट सैल करून पॅडलला 20 ते 30 मिमी खेळ ठेवा, चाक हाताने मोकळं फिरतंय का आणि पॅडल सोडल्यावर मागचा ब्रेकचा दिवा विझतोय का, तेही बघा.