पिकअपचा सेल्फ फिरत नाही? या चुका टाळा

चावी फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लागले, पण सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) गप्प, इंजिन हललंच नाही. अशा वेळी अनेक जण लगेच डिझेल फिल्टर उघडतात, एअर काढायला लागतात. ही पहिली चूक. इंजिन गरगर फिरतंय पण पेटत नाही, हा एक बिघाड. इंजिन फिरतच नाही, हा पूर्ण वेगळा. इथे डिझेलचा प्रश्न अजून आलेलाच नसतो.

आधी कान द्या. भराभर ‘टकटकटक’ असा आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल नीट धरत नाही. एकच जोराचा ‘टक’ येऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइड (सेल्फवरचा विद्युतचुंबकी स्विच) ओढतोय पण मोटर फिरत नाही. आणि काहीच आवाज नसेल, तर बहुतेक वेळा चावीचा करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही.

‘हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली’ या समजुतीपायी कितीतरी चांगले सेल्फ उगाच बदलले जातात. हॉर्न काही अँपिअरवर वाजतो. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. उभ्या गाडीत मल्टिमीटर 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. पण तेवढ्यावर थांबू नका. खरा आकडा कोणीतरी चावी स्टार्टवर धरून ठेवलेली असताना दिसतो. तेव्हा व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळलं तर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर सेल्फ किंवा इंजिन जाम होऊन जास्त करंट ओढतंय. व्होल्टेज जागचं हललंच नाही, तर बॅटरीतून करंट निघतच नाहीये. मग नवी बॅटरी टाकून काय होणार? दोन बॅटऱ्यांची गाडी असेल तर केबल सोडवून दोन्ही वेगवेगळ्या तपासा. एक खराब झाली की ती दुसरीलाही उतरवते.

यानंतर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि बॉडीशी असलेली जोडणी. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. पिकअपची अर्थ केबल खाली चिखल-पाण्यात असते. वरून धडधाकट दिसते, आत तांबं हिरवं पडलेलं असतं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरा (क्लॅम्पवर नको, मधल्या शिशावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि चावी मारायला सांगा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर केबल सोडवा, दोन्ही टोकं घासून चकचकीत करा, पुन्हा आवळा. पॉझिटिव्ह बाजूलाही बॅटरीची खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट अशीच मोजणी करा.

आवाजच नसेल तर क्लच पूर्ण दाबून बघा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर पार्कऐवजी न्यूट्रलमध्ये चावी मारा. क्लच स्विच किंवा न्यूट्रल स्विच सरकलेला असला की सेल्फ गप्प बसतो. फ्यूज बघा. स्टार्टर रिले (चावी मारल्यावर सेल्फकडे करंट सोडणारा छोटा स्विच) काढून त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहा. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी वापरा. शेवटी सेल्फवरची बारीक वायर तपासा: चावी मारल्यावर तिथे 12 च्या आसपास व्होल्ट येत असतील आणि जाड केबल, अर्थिंग ठीक असेल, तरच दोष सेल्फचा.

स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करू नका. तसं केलं की क्लच आणि न्यूट्रलच्या स्विचचं संरक्षण बाजूला पडतं, आणि गिअर पडलेला असेल तर गाडी खाली असलेल्या माणसाच्या अंगावर येते. सेल्फला हातोडीने ठोकल्यावर तो फिरला, तर कार्बन ब्रश झिजल्याची शक्यता मोठी; पुढच्या वेळी तो ठोकूनही फिरेलच असं नाही. जंप देताना (दुसऱ्या बॅटरीला केबलने जोडून गाडी चालू करताना) काळ्या केबलचा शेवटचा क्लिप उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

गाडी खोल पाण्यातून आली असेल आणि सेल्फ ‘टक’ करून अडकत असेल, तर लगेच थांबा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही. वारंवार सेल्फ मारून किंवा धक्का देऊन चालू करायला गेलात तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो. बॅटरीची केबल काढा, इंजेक्टर किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) खोला, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने हळूहळू फिरवा. पाणी बाहेर आलं तर एअर फिल्टर आणि ऑइल तपासल्याशिवाय पुन्हा चावी लावू नका.