रिलेटेड रेट्सची गणितं शेततळ्याच्या पाण्यावरून कशी सोडवायची

बारावीला डेरिव्हेटिव्हच्या (म्हणजे बदलाच्या वेगाच्या) ॲप्लिकेशनचा चॅप्टर आला की बरीच पोरं रिलेटेड रेट्सची, म्हणजे एका गोष्टीच्या बदलायच्या वेगावरून दुसरीचा वेग काढायची गणितं ऑप्शनला टाकतात, शिडी सरकतेय फुगा फुगतोय एवढं वाचूनच पान उलटतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यात नवीन काहीच नाहीये, चेन रूल (एच वेळेबरोबर बदलत असेल तर एच² चा डेरिव्हेटिव्ह २एच गुणिले एचचा रेट) येत असेल तर सगळं येतं. गाडी अडते ती एकाच जागी, आकडे टाकायची घाई. ती सवय मोडली की निम्मी गणितं सरळ होतात, म्हणून आधी तेच नीट बघू.

आमच्या जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडे शेततळं पाहिलं नाही असा माणूस मिळणार नाही, तर तेच घेऊ. मागेल त्याला शेततळे योजनेत ३० बाय ३० बाय ३ मीटर असं एक माप होतं. वरचं तोंड ३० बाय ३०, खोली ३, आणि बाजू उतरत्या, एक मीटर खाली गेलं की दीड मीटर आत असा उतार धरा, म्हणजे तळ २१ बाय २१ चा झाला. आत पन्नी अंथरलीय, पाणी मुरत नाही. मोटर सेकंदाला १० लिटर टाकतेय, म्हणजे तासाला ३६००० लिटर, म्हणजेच ३६ घनमीटर. आता प्रश्न असा की पाणी १ मीटर झालंय त्या क्षणाला लेव्हल तासाला किती सेंटीमीटरने चढतेय?

वहीत उभा छेद काढा आणि आधी ठरवा, बदलतंय काय आणि बदलत नाही काय. मोटरचं पाणी फिक्स, तळ फिक्स, उतार फिक्स. पाण्याची उंची बदलतेय, तिला एच म्हणा, आणि आतलं पाणी बदलतंय, त्याला व्ही म्हणा. इथेच पोरं फसतात, आकृतीत एचच्या जागी डायरेक्ट १ लिहून मोकळे होतात. तो १ एका क्षणाचा आहे हो! आधी व्हिडिओ चालू द्यायचा, समीकरण पूर्ण चालत्या पाण्याचं मांडायचं, डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, आणि मगच १ मीटरवर पॉज करायचं.

एच उंचीवर पाण्याची बाजू किती? दोन्हीकडून दीड दीड वाढते म्हणून २१ + ३एच. मग वरून कापलेल्या पिरॅमिडचं घनफळाचं सूत्र लावलं की व्ही = ४४१एच + ६३एच² + ३एच³ येतं, बरोबर आलं का ते बघायला एच = ३ टाका, १९७१ घनमीटर यायला पाहिजे. आता दोन्ही बाजूंचा वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह घ्या. डावीकडे डीव्ही बाय डीटी, उजवीकडे (४४१ + १२६एच + ९एच²) आणि त्याला गुणिले डीएच बाय डीटी. ती शेवटची शेपटी विसरायची नाही, एच स्वतः वेळेबरोबर बदलतोय म्हणून चेन रूलने ती येतेच, आणि आपल्याला शोधायचंय तेही तेच.

आता पॉज करा. एच = १ टाकलं की कंसात ५७६, डावीकडे ३६, म्हणून डीएच बाय डीटी = ३६ ÷ ५७६ = ०.०६२५ मीटर, म्हणजे तासाला सव्वासहा सेंटीमीटर. आणि १ आधीच टाकला असता तर? व्ही = ५०७ असा कोरा आकडा आला असता, त्याचा डेरिव्हेटिव्ह शून्य, आणि ३६ बरोबर शून्य असं काहीतरी वहीत उमटलं असतं. वहीत असं शून्य दिसलं की समजायचं, आकडा लवकर घुसलाय.

पण खरी मजा पुढे आहे. तो कंस नीट बघा, तो (२१ + ३एच)² च आहे, म्हणजे त्या क्षणाला वर दिसणाऱ्या पाण्याचं क्षेत्रफळ! म्हणजे येणारं पाणी भागिले वरचं क्षेत्रफळ, झाली लेव्हलची गती, घनफळाचं सूत्र पाठ नसलं तरी चालतं, आणि भांडं कुठल्याही आकाराचं असो, हौद, हंडा, धरण, हे लागू पडतंच. तळाशी ३६ ÷ ४४१, म्हणजे साधारण ८ सेंटीमीटर, काठाशी ३६ ÷ ९०० म्हणजे फक्त ४. मोटर तीच, पाणी तेच, तरी लेव्हल निम्म्या वेगाने चढते, आणि पूर्ण भरायला १९७१ ÷ ३६ म्हणजे पावणेपंचावन्न तास लागतात. न्यूटनने कॅल्क्युलस मांडलं तेच असं, प्रत्येक गोष्ट वेळेबरोबर वाहतेय असं धरून, त्या वाहण्याच्या वेगाला तो फ्लक्शन म्हणायचा. मला तर वाटतं पोरांना डेरिव्हेटिव्ह पहिल्या दिवसापासून असाच शिकवायला हवा.

दुसरी चूक चिन्हाची. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हायवे क्रॉस होतात, ते काटकोनात आहेत असं मानू. एक ट्रक धुळ्यापासून ३० किमी पुढे, जळगावकडे ताशी ६० ने चाललाय, आणि एक एसटी मालेगावकडून धुळ्याकडे ताशी ७० ने येतेय, अजून ४० किमी लांब आहे. दोघांमधलं अंतर कसं बदलतंय? ट्रकचं धुळ्यापासूनचं अंतर एक्स, एसटीचं वाय, दोघांमधलं झेड म्हणा आणि पायथागोरस लावा, एक्स² + वाय² = झेड², डेरिव्हेटिव्ह घेऊन दोनने भागा, एक्स गुणिले त्याचा रेट अधिक वाय गुणिले त्याचा रेट बरोबर झेड गुणिले झेडचा रेट. एसटीचं अंतर कमी होतंय म्हणून तिचा रेट उणे ७०, आणि झेड ५०. (१८०० − २८००) ÷ ५० = उणे २०, म्हणजे ट्रक लांब पळत असूनही अंतर ताशी २० किमीने घटतंय. उणे विसरलात तर ९२ येईल आणि दोघं एकमेकांपासून लांब चाललेत असं उत्तर होईल. धाब्याच्या घराला लावलेली शिडी घसरते ते गणितही हेच, फक्त तिथे झेड म्हणजे शिडीची लांबी फिक्स, म्हणून उजवीकडे शून्य.

पतंग, टॉवर असं कोनाचं गणित असेल तर उत्तर रेडियनमध्ये येतं, डिग्री हवी तर शेवटी १८० भागिले पाय ने गुणा, आधी नाही. आणि लिटर-घनमीटर, मिनिट-तास हे सुरुवातीलाच एकसारखं करून घ्या.

आता एक स्वतः करा. थ्रेशरमधून मका मिनिटाला ०.१ घनमीटर पडतोय, शंकूसारखा ढीग होतोय, दाणे घसरत राहतात म्हणून उतार तोच राहतो, त्रिज्या कायम उंचीच्या दुप्पट. इथे दोन गोष्टी बदलतायत, त्रिज्या आणि उंची, म्हणून डेरिव्हेटिव्हच्या आधी त्रिज्येच्या जागी २एच टाकून एकच ठेवा (हा आकडा नाही, कायमचं नातं आहे, म्हणून आधी टाकलं तरी चालतं). ढीग अर्धा मीटर असताना उंची मिनिटाला साधारण ३.२ सेंटीमीटरने वाढते, एक मीटर असताना ०.८ ने. उत्तर जुळलं नाही तर आधी २एच चा वर्ग नीट केलाय का ते बघा.